घोड्यावर बसवलेला पाथरवट

एकदा काय झालं, एक होता पाथरवट. राजा नाही हं. राजाची गोष्ट पाहिजे असेल तर दुसऱ्या कुणाच्या कुशीत जाऊन झोपा. राजाला काय, त्यानं नुसतं खाकरलं तरी दहाजण धावतात. माझ्या गोष्टीतल्या माणसाला एक हाक हवी होती. एकच. तीही त्याला वेळेवर मिळाली नाही.

त्याचं नाव हैबती. काळ्या डोंगराच्या पायथ्याला त्याचं गाव. गावातले सगळे पुरुष पाथरवट. पाटे घडवायचे, उखळं घडवायचे, जाती घडवायचे. आणि दिवाळी झाली की छिन्नी-हातोडी पिशवीत घालून गावोगाव टाकी लावायला निघायचे. टाकी म्हणजे काय, ठाऊक आहे? जातं दळून दळून गुळगुळीत होतं. मग दाणा भरडत नाही, नुसता गरगर फिरतो. तेव्हा पाथरवट येतो, दगडावर छिन्नीनं बारीक टिचके मारतो आणि जात्याला पुन्हा दात येतात. मृग लागायच्या आत सगळे घरी परत.

हैबतीची बायको ठकू. कामाला वाघीण, बोलायला सुरी. कुणासमोर डोळ्यातून टिपूस काढायची नाही. लग्नाच्या वर्षी हैबतीनं तिच्यासाठी एक जातं घडवलं आणि अंगणात छपराखाली बसवलं. घडवताना तो सारखा गुणगुणत होता. ते गुणगुणणं त्या दगडात मुरलं, बरं का. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग दिवाळी झाली. पाथरवट निघाले. बायका वेशीपर्यंत पोचवायला आल्या. पुरुष थोडे पुढं गेले, तशी ठकू दोन पावलं पुढं धावली. तिनं हाक मारली, "अवो!"

वीस पुरुष एकदम मागं वळले! काय करतील बिचारे, प्रत्येकाची बायको अवोच म्हणायची. सगळी वेस हसली.

हैबती माघारी आला आणि हळूच म्हणाला, "ठके, तुझ्या हाकेला वीसजण वळले. मला एकट्याला वळायचंय. एकदा नाव घे की माझं."

आता ठकूला आईनं लहानपणापासून सांगितलं होतं, नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य झिजतं. बाकीच्या बायका उखाण्यात तरी घ्यायच्या. ठकूनं लग्नातही घेतलं नव्हतं, इतका तिला तो जिवापाड प्यारा होता. हे तिनं त्याला सांगायचं की नाही? पण सगळं गाव बघत होतं. जावा-नणंदा पदर तोंडाला लावून खुसखुसत होत्या. ठकूचं नाक लाल झालं. ती म्हणाली, "जायचं तर जावा की! तुमच्यावाचून माझं जातं काही अडत नाही."

हैबतीचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "बरं. अडेल तेव्हा नावानं हाक मार. तोवर मी येत नाही."

आणि गेला. खांद्यावर काळं घोंगडं, पायात वहाण नाही.

मृग आला. एकोणीस पाथरवट घरी आले, विसावा आला नाही.

आता घरात ठकू आणि तिची आंधळी सासू, दोघीच. ठकू लोकांची दळणं दळायला लागली. पहाटे जात्याशी बसली की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. रडावं तर शेजारणी भिंतीला कान लावून बसलेल्या. मग ठकूनं काय केलं, रडणं तोंडात आलं की त्याची ओवी करायची. पण ओवीत नाव कसं घ्यायचं? आणि खुणा सांगितल्या तर शेजारणी म्हणणार, ठकीचं जातं अडलं गं अडलं! म्हणून तिनं हैबतीला घोड्यावर बसवलं.

पांढऱ्या घोड्यावरी, कोण गेला दूरदेशी
मागं उडाली जी धूळ, ती मी बांधिली पदराशी

ओवी म्हणून झाली आणि छातीवरचा धोंडा बोटभर सरकला. खरंच सरकला. मी उगाच सांगत नाही, गाण्यानं सरकतो तो.

आणि मग नवल झालं. त्या पिठाची भाकरी जो खाईल, त्याच्या तोंडात ती ओवी यायला लागली! दगडात गुणगुणणं मुरलं होतं ना, ते पिठात उतरलं. एका कासारणीनं ती भाकरी शिदोरीला नेली. दुपारी विहिरीवर बसून खाल्ली आणि बांगड्या भरता भरता पुढच्या गावात ओवी गायली. त्या गावच्या बायकांनी ती उचलली.

त्याच गावात एका अंगणात हैबती टाकी लावत बसला होता. त्याचा हात थांबला. "कुणाची ओवी बाई ही?" त्यानं विचारलं.

घरधनीण म्हणाली, "कुणास ठाऊक. कुणी घोडेस्वार आहे म्हणे, त्याच्यासाठी ती झुरते."

हैबतीनं आयुष्यात घोड्याची शेपटीसुद्धा धरली नव्हती. तो मनात म्हणाला, नशीबवान आहे लेकाचा. त्याची धूळसुद्धा कुणी पदराला बांधते. आणि आमच्या घरी जातं अडत नाही. त्यानं पिशवी उचलली आणि एक डोंगर ओलांडून पलीकडं गेला.

दुसऱ्या वर्षी ठकूनं दुसरी ओवी रचली. आता त्याला होडीत बसवलं.

होडीवाल्या सख्याची, होडी लागली पल्याड
अल्याडच्या पाण्यामधी, माझं बुडालं बिऱ्हाड

धोंडा आणखी बोटभर सरकला. धनगरांनी ती भाकरी खाल्ली, मेंढरांमागून ओवी त्या डोंगरापार गेली. हैबतीनं ऐकली. होडी? आपल्याला तर पोहताही येत नाही. पुन्हा त्याला वाटलं, बघा, बाया कशा कशा माणसांसाठी रडतात. पुन्हा पिशवी उचलली. दुसरा डोंगर.

तिसऱ्या वर्षीची ओवी मी सांगत नाही. मला ती आवडत नाही. त्यात हत्ती होता आणि सोन्याची अंबारी होती. लग्नाच्या वऱ्हाडातल्या बायकांना मात्र ती भारी आवडली, त्यांनी ती पुढं नेली. ती ऐकून हैबती तिसरा डोंगर चढून उतरला. इकडं ठकू त्याला जितकं नटवत होती, तितका तिकडं तो लांब जात होता. आणि तिला वाटत होतं, आपण त्याला जवळ धरून ठेवलंय!

मग काय, ठकूचं नाव झालं. लांबून बाया दळण घेऊन यायच्या, म्हणायच्या, "ठकूबाई, आम्हाला घोड्याचं पीठ द्या." "आम्हाला हत्तीचं." ठकूला बरं वाटायचं. का नाही वाटणार? आपल्या रडण्याला कुणी वा म्हटलं तर कुणाला वाईट वाटेल?

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. जातं झिजत होतं. दुसरे पाथरवट म्हणायचे, "वहिनी, टाकी लावून देतो." ठकू म्हणायची, "या जात्याला दुसऱ्याची छिन्नी लागणार नाही." एका पहाटे तिनं मूठभर ज्वारी टाकली, खुंटा फिरवला. जातं फिरलं, आणि ज्वारी जशीच्या तशी बाहेर आली. जातं अडलं, पोरांनो.

सासू ओट्यावर बसली होती. म्हणाली, "ठके, घरघर का थांबली?"

"जातं अडलं, आत्याबाई."

"मग मार की हाक."

ठकू सांडलेली ज्वारी सुपात गोळा करायला लागली.

म्हातारी म्हणाली, "मला दिसत नाही, पण ऐकू येतं. इतकी वर्षं ऐकत्येय. घोडा झाला, होडी झाली, हत्ती झाला. माझा लेक कुठाय गं त्यात? मला सांग, त्याची भुवई दगडाची कपची उडून फुटली होती. डावी का उजवी?"

ठकूनं डोळे मिटले. आणि काय सांगू, तिला घोडा दिसला. पांढरा, अयाळ उडवत चाललेला. वरच्या स्वाराला तोंडच नव्हतं. भुवई दिसेना, हनुवटी दिसेना. तिनं होडीत बघितलं, तिथंही नाही. जिवाला धरून ठेवण्यासाठी गाणी रचली, आणि गाण्यांनीच माणूस पुसून टाकला होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मला आठवत नाही."

म्हातारीनं चाचपडत तिचा हात धरला आणि स्वतःच्या डाव्या भुवईवर ठेवला. "इथं. आणि नाव घे आता. लोक काय म्हणतील ते म्हणू दे."

"पण त्यांचं आयुष्य झिजलं तर?"

"अगं बये, माझं झिजत आलं. त्याच्याआधी घे."

मग ठकू तीन दिवस जात्यापुढं बसली. घोडा यायचा, त्याला हाकलायची. हत्ती यायचा, त्याला हाकलायची. तिसऱ्या दिवशी खरी ओवी आली.

काळं घोंगडं खांद्याला, पायी चाले अनवाणी
हैबती, घरी या हो, जातं अडलंय अंगणी

ही ओवी म्हटल्यावर धोंडा सरकला नाही. उलट दुप्पट जड होऊन बसला. ठकू ओट्यावर येऊन, तोंडाला पदर न लावता, आवाज न दाबता, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी रडली. खुसखुसणाऱ्या जावा आल्या, आणि त्याही तिच्याशेजारी बसून रडल्या.

जातं तर भरडत नव्हतं. मग तिनं तेच पसाभर दाणे पुन्हा पुन्हा टाकले, पुन्हा पुन्हा ओवी म्हटली. दिवसभरात मूठभर पीठ निघालं. त्याची एक भाकरी केली आणि वाटेनं जाणाऱ्या एका कुंभारणीला दिली. ओवी निघाली. पहिला डोंगर झाला. दुसरा झाला.

आणि दोन डोंगरांपलीकडच्या गावात ती अडकली! का, सांगा बघू. त्या गावच्या पाटलाचं नावच हैबतराव! झालं. कुठली सून सासऱ्याचं नाव घेईल? कुठली भावजय दिराचं घेईल? आणि पाटलाच्या घरातल्या बायका घेत नाहीत म्हटल्यावर गावातल्या बाकीच्या कशाला घेतील? जात्याजात्यावर ओवी चालू व्हायची, काळं घोंगडं, अनवाणी पाय, आणि नावापाशी आल्या की सगळ्या ओठ मिटून म्हणायच्या, "हं हं हं, घरी या हो." अशी ओवी त्या गावात तीन वर्षं तोंड मिटून बसली. हसताय? हसा. मलाही हसू येतं. पण त्या तीन वर्षांत इकडं आंधळी म्हातारी गेली. जाताना विचारत होती, "पावलं वाजली का गं?"

चौथ्या वर्षी पाटलाची बहीण माहेरपणाला आली. बहिणीला कसली बंदी! धाकट्या भावाचं नाव काय, कान धरायचाही तिचा हक्क. ती जात्यावर बसली, भावजयांची हं हं ऐकली आणि म्हणाली, "अगं, तोंडात गूळ धरलाय का?" तिनं गळा उघडून सबंध ओवी म्हटली. सासरी जाताना तोंडात घेऊन गेली.

तिचं सासर तिसऱ्या डोंगरापार. आणि तिच्याच अंगणात एक म्हातारा पाथरवट टाकी लावत होता. बाईनं आत दळताना ओवी सुरू केली. काळं घोंगडं, तेव्हा म्हाताऱ्याचा हात मंदावला. अनवाणी, तेव्हा छिन्नी थांबली. मग नाव आलं. त्या अंगणात पाचजण होते, आणि वळला तो एकटा.

तीन डोंगर चढून-उतरून हैबती घरी आला तेव्हा ठकू दारातच होती. तिनं पांढरे केस बघितले, वाकलेली पाठ बघितली आणि कपाळावर हात मारला. "नाव घेतलं नि बघा काय झालं! झिजलात तुम्ही!"

तो म्हणाला, "नावानं नाही गं. वाटेनं."

मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "आई?"

ठकूनं नुसती मान हलवली. तो पायरीवर बसला. मग उठून त्यानं पिशवी उघडली आणि जात्याला टाकी लावायला घेतली. टक्, टक्, टक्. ठकू शेजारी बसून डाव्या भुवईकडं बघत राहिली.

काम करता करता त्यानं विचारलं, "ठके, त्या घोड्याच्या ओवीनं मला फार छळलं बघ. कोण असेल गं तो?"

"तुम्हीच की."

"मी? घोड्यावर?" तो हसायला लागला. आणि मग हसता हसता थांबला. "अगं, ती तर मी पहिल्याच वर्षी ऐकली. दोन कोसांवर होतो मी. अंधार पडायच्या आत घरी आलो असतो."

ठकूनं मूठभर ज्वारी जात्यात टाकली. दोघांनी मिळून खुंटा धरला.

मग जेवढी वर्षं उरली होती तेवढी त्यांनी सुखात काढली. फार नव्हती, पण होती. ठकू त्याला दिवसातून दहादा नावानं हाक मारायची, कारण असो-नसो. घोड्याची ओवी लोक अजून गातात. तिनं मात्र पुन्हा कधी म्हटली नाही.

झाली गोष्ट. ज्यांचं जातं फिरतंय त्यांचं फिरत राहो, आणि तुमचे डोळे आता मिटोत. पांघरुणं घ्या.

काय गं? आजोबांना मी कशी हाक मारायचे?

झोप म्हटलं ना.