सगुणाला कोणी सांगितलं?

“सगुणाला कोणी सांगितलं, बुवा?”

विश्रामचा आवाज रागाने कापत होता.

“मी,” गिरीबुवा म्हणाले. ताक घुसळणारी रवी काही थांबली नाही.

मठात दर गुरुवारी दारू सोडायला निघालेली माणसं गोल करून बसत आणि मनातलं बोलत. उठताना प्रत्येक जण उंबऱ्यावर खांद्यावरचा पंचा झटकायचा. इथलं इथेच. ही रीत विश्रामनेच घातलेली, आणि तिचा त्याला भारी तोरा होता. कालच्या बैठकीत दादू म्हणाला होता, बायकोच्या कालवणात फवारणीचं औषध घालणार. आज सकाळी ती बायको, सगुणा, लेकराला घेऊन माहेरी निघून गेली.

“आता इथे कोण तोंड उघडेल? मठाच्या तोंडाला काळं फासलंत तुम्ही.”

“तूही ऐकलं होतंस ना?”

“ऐकलं आणि गिळलं. जीभ झडली तरी बोललो नसतो.”

बुवांच्या कपाळाची शीर ताठ झाली. त्यांनी ताकाचा पेला भरला.

“पी.”

विश्रामने पेला उचलला.

“यात एकाने काय टाकलंय ते मला ठाऊक आहे. पण त्याला शब्द दिलाय. पी.”

पेला ओठांशीच थांबला.

“काय टाकलंय?”

बुवा पुन्हा रवी फिरवू लागले.

“बुवा, सांगा ना.”

“पंचा झटकलाय मी.”

विश्रामने पेला खाली ठेवला. बुवांनी तो उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

विश्रामला लाज वाटली. पण गर्विष्ठ माणसाची लाज फार वेळ लाज राहत नाही.

“असं असेल तर मीही चावडीवर जातो. दादू रडला ते सांगतो. लहानपणी बापाने त्याला डागलं तेही सांगतो.”

बुवांनी पेला दाणकन आपटला.

“एक अक्षर बाहेर गेलं तर या मठाची पायरी चढू नकोस. तिला मी तिच्या ताटात पडणार होतं तेवढंच सांगितलंय.”

तेवढ्यात दादू दारात येऊन उभा राहिला. डोळे तांबारलेले, मुठी आवळलेल्या.

“कोणी सांगितलं तिला?”

विश्राम भिंतीला चिकटला. बुवा उठून थेट दादूसमोर गेले.

“मी सांगितलं.”

“तुमच्यावर भरवसा टाकून बोललो होतो मी. तुम्ही गप्प बसायला हवं होतं.”

बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“औषध घालायचंच होतं, तर आधी मला सांगितलंस कशाला?”