पाठीतलं पातं

उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात शिकारी होड्यांचा सुळसुळाट होता, तेव्हाची गोष्ट. एका देवमाशिणीच्या पाठीत भाल्याचं पातं रुतलं. ती निसटली, पण तिचं सारं गणगोत मारलं गेलं. पुढे होडी दिसली की पातंच ओरडायचं, “पळ, बाई!” आणि ती बर्फाखाली दडायची.

कालांतराने माणसांचे डोळे उघडले. शिकार थांबली, समुद्रात पुन्हा पिलं बागडू लागली. एकदा होडी आली, तरी पातं गप्पच.

“आज ओरडलं नाहीस?” म्हातारी झालेल्या देवमाशिणीने विचारलं.

“माझं एकही भावंड कित्येक वर्षांत कुणाच्या पाठीत घुसलं नाही. आता बर्फावर पाठ घास आणि मला काढून टाक. सलत असेन मी.”

एक पिल्लू बेधडक होडीकडे निघालं होतं. त्याच्यामागे जात म्हातारी म्हणाली, “सलतंस खरं, पण राहा. माणसांच्या डोळ्यांवर पुन्हा झापड यायला वेळ लागत नाही. तेव्हा ओरडायला कुणीतरी हवं.”