शेंदराखालची चीर

वेळ सकाळची, न्याहारीच्या आधीची. ठिकाण एका जुन्या राज्यातल्या बाजारगावाची वेस, तिथला तेलाचा घाणा. फार फार वर्षांपूर्वी त्या घाण्याची लाट, म्हणजे उखळात फिरणारं माणसापेक्षा उंच लाकडी मुसळ, मधोमध मोडली.

गावात आजही सांगतात की ते अचानक घडलं. मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, अचानक काहीही घडलं नव्हतं. ऐका.

घाणा दादबाशेठचा. कोश्या नावाचा बैल तो ओढायचा. सगुणा नावाची बाई उखळाशी बसून कडेला आलेले तीळ हातानं पुन्हा आत लोटायची. तेल चोख, चार गावची गिऱ्हाइकं. दादबाशेठ माणूस कष्टाळू आणि गोडबोल्या. अशा माणसाच्या हातून चूक होईल असं कुणाला वाटत नाही. त्याला स्वतःला तर नाहीच नाही.

एके दिवशी सगुणेला लाटेवर केसाएवढी चीर दिसली.

"शेठ, लाटेला चीर गेलीय."

दादबाशेठनं इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल, बाई! वास्तू तथास्तु म्हणते."

"तिला म्हणू दे काय म्हणायचं ते. तुम्ही सुताराला बोलवा."

सुतार आला. त्यानं लाटेवर बोटं फिरवली, मूठ आपटली, कान लावला. मग म्हणाला, "उतरवा ही. नवी घडवून बसवेपर्यंत पंधरवडाभर घाणा बंद राहील."

"पंधरवडा? जत्रा तोंडावर आलीय. दीपमाळेला तेल कोण देणार, तू?"

"आणि मोडली तर कोण देणार?"

"शुभ बोल की रे जरा!"

आता त्या गावाची एक रीत सांगायला हवी. ज्याची भीती वाटेल, त्याला शेंदूर लावायचा. ज्या दगडाची ठेच लागते, तो उचलायचा नाही, त्याला शेंदूर. जी फांदी डोक्यावर लोंबते, ती छाटायची नाही, बुंध्याला शेंदूर. दादबाशेठनं तेच केलं. चिरेवर तेलात कालवलेला शेंदूर थापला, नारळ फोडला, सुताराच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि त्याला वाटेला लावलं. चीर दिसेनाशी झाली. दिसेनाशी झाली म्हणजे बुजली, असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं.

लाट करकरली की शेंदराचा नवा थर चढायचा. गिऱ्हाइकं आधी लाटेला हात जोडायची, मग तेल मागायची. कुणीतरी चांदीचे डोळे आणून बसवले. सुतार एकदा स्वतःहून वाकस घेऊन आला, तर लोकांनी त्याला दारातच अडवलं. "देवावर हत्यार चालवतोस?"

कालपर्यंत ते लाकूड होतं. त्याचा देव कधी झाला, कुणी केला, हे विचारणारा एकही शहाणा त्या गर्दीत निघू नये? गावात पंडित होते, पंच होते. सगळे प्रसाद घेऊन घरी गेले.

बोलला तो बैल. त्या काळी बैल बोलायचे. ऐकणारे मात्र तेव्हाही कमीच होते.

"शेठ," कोश्या म्हणाला, "मला झापड लावलीय, त्यामुळे तुमचा देव मला दिसत नाही. पण वळणावर तो लचकतो, ते माझ्या मानेला कळतं."

"पेंड कमी पडतेय का रे तुला?"

"पेंड पुरे आहे. लाट बदला."

"खाऊन माजलास!" शेठ म्हणाला आणि त्यानं बैलाच्या पाठीवरही शेंदराचं बोट ओढलं.

सगुणा धास्तावली. तिचं घर तिच्या दोन हातांवर चालायचं. तिनं एक लांब दांडकं आणलं आणि ती उखळापासून दूर सरकून तीळ लोटू लागली. लाट मोडलीच, तर अंगावर येणार नाही. किती साधी गोष्ट! दमडीचा खर्च नाही, घाणा थांबवायला नको, देवाला धक्का नाही.

दादबाशेठनं दांडकं हिसकावून चुलीत घातलं.

"देवाला काठीनं ढोसतेस?"

"शेठ, माझा हात जाईल हो."

"पुन्हा अभद्र बोललीस! भाव ठेव जरा. हातानंच लोट."

दुसऱ्या सकाळी कोश्या वळणावर आला आणि थांबला. शेठनं पराणी टोचली. बैलानं पाऊल उचललं आणि लाट मोडली. वरचा तुकडा कोसळला आणि उखळाच्या काठावर सगुणेचा उजवा हात त्याच्याखाली चेचला गेला.

जत्रेत दीपमाळ अंधारी राहिली. चार गावची गिऱ्हाइकं दुसऱ्या घाण्याकडे गेली, ती परतली नाहीत. पंधरवडा वाचवण्याच्या नादात दादबाशेठचा घाणा कायमचा थांबला.

मग राजाचा अंमलदार चौकशीला आला. उशिरा आला, पण पालखीतून आला.

"कशानं मोडली?"

"देवाचा कोप, सरकार," शेठ म्हणाला.

"कोप कशानं झाला?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला वडीलधारा खाकरून म्हणाला, "ही बाई सारखी चीर, चीर म्हणायची."

सगुणेनं थोट्या हातावरचं फडकं सारखं केलं. "चीर होती म्हणून मी चीर म्हणाले. तुम्ही इतके दिवस देव, देव म्हणालात, म्हणून लाकूड सांधलं का?"

अंमलदारानं बैलाला विचारलं नाही, कारण जनावराची साक्ष धरत नाहीत. सुताराला बोलावलं नाही, कारण तो म्हणे देवनिंदक. निकाल एका वाक्याचा: दैवी आपत्ती, दोष कुणाचाच नाही. मानाचा नारळ घेऊन अंमलदार पालखीत बसला आणि भोई चालू लागले.

तात्पर्य: धोक्याचं नाव घेतल्यानं धोका येत नाही, नाव घेणाऱ्याचं तोंड बंद केलं की मात्र तो येतोच.

सगुणेचा हात कुणामुळे गेला, याचं उत्तर त्या राज्यात अजून कुणीही दिलेलं नाही.