बाहेरची फेरी

"...मग नियम तेवढा माझ्याच गळ्यात का, बुवा?"

केरबा मठाच्या खळ्यावर उभा राहून विचारत होता. आवाज चढलेला.

पहाटेच्या भजनाला हा कधी वेळेवर नाही. जपाला बसला तर पाय जागेवर नाहीत. पण गावात कुणी आजारी पडलं की सगळ्यांच्या आधी हाच पोचलेला. असली माणसं मठाला झेपत नाहीत, आणि सोडवतही नाहीत.

बाकीच्या शिष्यांनी आज ज्योतीबुवांना निक्षून सांगितलं होतं, त्याला शिस्त लावा, नाहीतर वाटेला लावा.

बुवा मळणी बघत राहिले.

मधल्या खांबाला चार बैल एका ओळीत बांधलेले. ज्वारीच्या कणसांवरून गोल फिरत होते. खांबालगत म्हातारा पोवळ्या, तो जागच्या जागी वळायचा. सगळ्यात बाहेर तरणा सर्ज्या. त्याची फेरी मोठी, त्याला जवळजवळ पळावं लागायचं.

"सर्ज्याला आत बांध," बुवा म्हणाले. "पोवळ्याला बाहेर."

केरबाने बांधलं. बैल हाकलले.

सर्ज्या आतून उधळत निघाला, तसं पोवळ्याला बाहेर पळावं लागलं. अर्ध्या फेरीत म्हातारा धापा टाकत गुडघ्यांवर आला.

केरबा धावला. त्याचं दावं सोडलं, त्याला उठवलं, मानेवरून हात फिरवत राहिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"तुझं कसं? आत बांधायला मी सांगितलं."

...

बैल पुन्हा पहिल्यासारखे बांधले. ओळ फिरू लागली.

केरबा बराच वेळ सर्ज्याकडे बघत होता.

"म्हणजे माझी जागा बाहेरची."

बुवांनी बाहेर सांडलेली कणसं पायाने आत सारली.

"पण दावं आहेच की तिथंही. ते नको मला. मी जातो."

"जा."

केरबा जागीच थबकला. बुवा अडवतील असं त्याला वाटलं होतं. डोळे भरून आले, रागानं की कशानं, त्याचं त्यालाच कळेना.

"तुमचं बरं आहे, बुवा. आम्ही सगळे बांधलेले. मोकळे काय ते तुम्ही एकटे."

...

बुवा बैलांच्या मागून चालत मधोमध गेले. खांबाच्या माथ्यावर हात ठेवला. चारी बैलांची ओढ त्या एका लाकडावर येत होती. ते करकरत होतं.

"मग बदलू या," बुवा म्हणाले. "मी जातो गावात, वाटेल तिकडे. तू ये, इथं उभा राहा. फक्त हलायचं नाही."