मोठ्या नारळाची करवंटी

फार जुनी गोष्ट आहे. समुद्राकाठी एक गाव होतं आणि त्या गावात एका बाईचं कुणी खरं मानत नसे. तिनं एकदा सांगितलं, लोक हसले. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा म्हणाले, बाईला खेळातलं काय कळतं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ऐकायलाही कुणी थांबलं नाही. आणि सगळं घडून गेल्यावर तेच लोक देवळात तिच्याकडे वळून म्हणाले, "तू नीट सांगितलं नाहीस."

तिनं काय सांगितलं होतं, ते आता ऐका.

त्या गावाच्या पाच वाड्या होत्या. भातकापणी झाली की शिमग्यापर्यंत दर बाजाराच्या दिवशी कापलेल्या शेतात वाड्यावाड्यांत हुतुतू चाले. प्रत्येक वाडीचे सात गडी. ज्याच्या अंगात दम तो समोरच्यांत चढाई करायचा, ज्याच्या हातात जोर तो पकड करायचा.

पण गावात दमवाले थोडे आणि बसणारे फार. ज्यांची पोटं सुटली होती, ज्यांना पळता येत नव्हतं, त्यांनीही आपला एक खेळ काढला होता. त्याला म्हणत घरबशी पलटण. पाची वाड्यांतून आपल्याला आवडतील ते सात गडी निवडायचे आणि त्यांच्या खुणा गेरूनं आपल्या दारावर काढायच्या. दर बाजाराला खुणा बदलायची मुभा. त्या सातांनी जेवढे गडी बाद केले, जेवढ्या पकडी केल्या, तेवढे गुण घरमालकाचे. घाम त्यांचा, गुण ह्यांचे. शिमग्याला ज्याचे गुण जास्त, त्याला देवाच्या पालखीचा पुढचा दांडा धरायला मिळे. त्या दांड्यासाठी सख्खे भाऊ आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नसत.

ही बाई सगळ्या गड्यांना तेल लावायची. तिचा नवराही गडी होता. दुखऱ्या कमरेनं खेळत राहिला, एके दिवशी पडला तो उठलाच नाही. पाच वर्षं अंथरुणात काढून गेला. तेव्हा ती पंचांशी भांडली आणि एक नियम करून घेतला.

तिच्या पडवीत पस्तीस करवंट्या मांडलेल्या असत, गड्यागणिक एक. गड्यानं एक चढाई केली की त्याच्या करवंटीत एक चिंचोका. पकडीत ढिगाखाली सापडला तर दोन. करवंटी काठोकाठ भरली की त्या गड्यानं एक बाजार घरी बसायचं. बसून झालं की करवंटी पालथी, पुन्हा पहिल्यापासून. कुणाच्या अंगावर किती भार पडलाय ते डोळ्यांनी दिसावं, एवढंच तिच्या मनात होतं.

नियम चांगला होता. पण लोक कसे असतात बघा.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी घरबशी पलटणवाले तिच्या पडवीत जमायचे. ती दाखवायची कोण दमलाय, आणि ते बघायचे कोण जास्त उपयोगाचा. जो जास्त चढाया करतो त्याचीच करवंटी भरते, आणि गुणही तोच आणतो. मग भरत आलेली करवंटी दिसली की सगळे तिच्यावर तुटून पडायचे.

"ह्याला घेऊ नका," ती सांगायची. "हा आता मोडायला आलाय."

"अगो, भरलेली करवंटी ठेवून रिकामी कोण उचलतो? तू बाजारात मडकं घेतेस ते फुटकं बघून घेतेस काय?"

"मडक्याला गुडघा नसतो."

"ह्या बाईला उत्तर द्यायला कुणी शिकवलं?" दुसरा म्हणायचा, आणि सगळे हसत खुणा बदलायला घरी जायचे.

एक म्हातारी तर भांडायलाच यायची. "माझ्या नातवाच्या करवंटीत तीन चिंचोके? तीनच? लोक मला विचारतात, पोरगा आजारी आहे काय. दोन टाक गं अजून, तुझं काय जातं?"

त्या वर्षी सगळ्यांची नजर एकावर होती. वरच्या वाडीचा माडवाला. गावातले सगळे माड चढून तोच नारळ उतरवायचा, आणि त्याच पायांनी हुतुतूत चढाई करायचा. घरी आंधळा बाप आणि लग्नाची बहीण. त्याच्या दोन पायांवर त्या घराची चूल पेटत होती. पाय गेला की चूल गेली, हे कुणाला सांगायला नको होतं.

एका बाजारानंतर तेल लावताना बाईच्या हाताला त्याचा उजवा गुडघा गरम लागला. तिनं वाडीच्या म्होरक्याला सांगितलं. म्होरक्या हसून म्हणाला, "उन्हातून आलाय, गरम लागणारच." पुढच्या बाजारानंतर गुडघा सुजलेला दिसला. तिनं पडवीत सगळ्यांसमोर सांगितलं. तिसऱ्या बाजारानंतर गुडघा पुरता मिटेना. तेव्हा ती दारोदार सांगत फिरली. चाळीस घरांपैकी एकतीस घरांच्या दारावर माडवाल्याची खूण होती. कुणी पुसली नाही.

"काकी, दुखत नाही गो," माडवाला स्वतःच म्हणायचा. "लोक माझ्यावर आशा लावून बसलेत. कसा बसू?"

"लोक बसलेतच," ती म्हणाली. "तू एकटाच उभा आहेस."

शिमग्याआधीचा एकच बाजार उरला आणि माडवाल्याची करवंटी भरली. शेवटचा चिंचोका तिनं वर ठेवला तो घरंगळून खाली पडला. तिच्या जिवाला बरं वाटलं. माझं ऐकलं नाही तर नाही, करवंटीचं तरी ऐकावं लागेल.

गावात मात्र सुतक पडल्यासारखं झालं. आणि सगळ्यांत जास्त पडलं ते गावकाराच्या घरी. हा गावकार म्हणजे गावचा प्रमुख. अकरा वर्षं झाली, त्याला पुढचा दांडा मिळाला नव्हता. ह्या वर्षी तो दोनच गुणांनी मागे होता, आणि त्याच्या दारावरची पहिली खूण माडवाल्याची; जो पुढे होता त्याच्या दारावर ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकार पडवीत आला. सोबत वरच्या वाडीचा म्होरक्या, मागे पंधरावीस माणसं. माडवाल्याचा आंधळा बापही काठी टेकत आला होता. पोराला बसवणार म्हणून ऐकलं होतं, त्याला ते स्वतः ऐकायचं होतं. तो कोपऱ्यात जात्याजवळ बसला.

गावकारानं उपरण्याखालून एक करवंटी काढली. एवढी मोठी करवंटी कुणी पाहिली नव्हती. त्याच्या परसातल्या जुन्या माडाचा नारळ होता तो, आणि उतरवला होता माडवाल्यानंच.

"नियम काय आहे?" गावकारानं विचारलं.

"करवंटी भरली की बसायचं," बाई म्हणाली.

"कुठल्या नारळाची, ते नियमात आहे काय?"

लोक हसले. म्होरक्याही हसला.

"मग ह्या करवंटीत ओत त्याचे चिंचोके. भरली तर बसेल तो. मी अडवणार नाही."

बाई उभी राहिली. "गावकार, मी नियम गुडघ्यासाठी मागितला होता, करवंटीसाठी नाही. करवंटी बदलली म्हणून गुडघा बदलत नाही. ह्याचा पाय गेला तर त्याच्या बापाला काय तुमची करवंटी घालणार जेवायला?"

"बोल, बोल," गावकार शांतपणे म्हणाला. "बोलायला तुला कुणी अडवलंय? तोंड तुझं आहे. फक्त ओत. तू नाही ओतलेस तर माझी सून ओतेल. मग ह्या करवंट्याही तीच सांभाळेल. तिला मोजायचा कंटाळा आहे, तेवढं मात्र आधीच सांगतो."

बाई थांबली. तिनं पस्तीस करवंट्यांकडे पाहिलं. मी गेले तर हे सगळं मोडेल, तिला वाटलं. माझ्या जागी कुणी तरी ओतणारच आहे. मी असले तर निदान पुढच्या वर्षी बाकीच्या चौतीस जणांचं तरी बघेन. मी तर नको म्हणतेच आहे. सगळ्यांनी ऐकलंय मी नको म्हटलेलं.

आणि तिनं ओतले. ओतताना तोंडानं शिव्या चालूच होत्या. गावकाराच्या सात पिढ्या काढल्या. चिंचोके खळखळत मोठ्या करवंटीत पडले आणि अर्ध्याच्या थोडे वर येऊन थांबले.

"बघा," गावकार म्हणाला, "अजून किती जागा आहे."

कोपऱ्यातल्या आंधळ्या बापानं विचारलं, "म्हणजे माझा पोर बरा आहे ना?" माणसं खुणा रंगवायला पांगली.

बाजाराच्या दिवशी माडवाला उतरला. पहिल्या चढाईत दोन गडी बाद केले. दुसऱ्या चढाईत एक. घरबशी पलटणवाले बांधावर उभे राहून बोटांवर गुण मोजत होते. पाचव्या चढाईला तो परत फिरताना एकानं त्याचा पाय धरला आणि वरून चार जण पडले. शेवग्याची फांदी मोडावी तसा आवाज झाला. ढीग उठला. माडवाला उठला नाही.

शेजारच्या गावाहून हाडवैद्य आणला. त्यानं पाय बांधला आणि बाहेर येऊन सांगितलं, काठीनं चालेल. माडावर चढायचं आता ह्या जन्मी नाही.

बाई तेल घेऊन गेली तेव्हा माडवाल्यानं तिलाच विचारलं, "काकी, माडावर कधी चढू? आगरातले नारळ राहिलेत उतरायचे." ती नुसती तेल चोळत बसली, तेही दुसऱ्याच पायाला.

मग शिमगा आला. त्या गावची रीत अशी की वर्षात कुणाचं वाईट झालं असेल तर ज्याच्यामुळे झालं त्याचं नाव गुरवानं देवापुढच्या गाऱ्हाण्यात घ्यायचं. त्याशिवाय पालखी हलत नसे. सगळा गाव देवळात जमला. गुरव नारळ घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नाव सांगा."

गावकार म्हणाला, "मी करवंटी आणली, रिकामी. रिकाम्या करवंटीत पाप कसलं?"

म्होरक्या म्हणाला, "मला अर्धी दिसली. मी गडी उतरवला."

बांधावरचे म्हणाले, "आम्ही तर नुसते बघत होतो. त्याच्या अंगाला आमचं बोट लागलं नाही."

म्हातारी म्हणाली, "पोरानंच नको म्हणायचं होतं. तोंड काय त्याला नव्हतं?"

आणि मग चारपाच जण बाईकडे वळले. "तू तेल लावतेस. तुला कळत होतं. तू आम्हाला नीट सांगितलं नाहीस."

बाईचे डोळे लाल झाले. "तीनदा सांगितलं," ती म्हणाली. "म्होरक्याला सांगितलं, पडवीत सांगितलं, दारोदार सांगितलं. देवाच्या दारात खोटं बोलता? मी नको म्हटलं ते कुणी ऐकलं नाही? हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. तेवढ्यात माडवाल्याचा आंधळा बाप काठीवर उठला.

"मी ऐकलं, बाय," तो म्हणाला. "तू नको म्हणालीस ते ऐकलं. मला दिसत नाही, ऐकूच येतं. तुझं बोलणं चालू होतं तेव्हा चिंचोके पडल्याचाही आवाज आला. ते कोण ओतत होतं?"

"मी," बाई म्हणाली.

"तुझा हात कुणी धरला होता?"

"नाही."

"मग तू नको कुणाला म्हणत होतीस, बाय?"

त्यानं आवाज चढवला नव्हता. काठी टेकून तो खाली बसला.

बाई देवापुढे गेली. मग गुरवाला म्हणाली, "माझं नाव घाल."

गावकारानं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. ती त्याच्याकडे वळली. "सुटलास असं समजू नकोस. माझं नाव देवाकडे जातंय. तुझं कुणी घेतलं नाही, ते तुझ्यापाशीच राहिलं. सांभाळ."

गुरवानं गाऱ्हाणं घातलं, नाव घेतलं, लोकांनी खाली माना घालून "होय महाराजा" म्हटलं. आवाज दर वर्षीसारखा मोठा नव्हता.

माडवाल्याच्या त्या तीन गुणांनी गावकार एका गुणानं पहिला आला होता. त्यानं पालखीचा पुढचा दांडा धरला. मागचा धरायला कुणी पुढे येईना. तो तसाच उभा राहिला, एकटा, पालखीचं एक टोक खांद्यावर आणि दुसरं जमिनीवर. शेवटी त्यानं दांडा खाली ठेवला. मग लहान पोरींनी आणि म्हाताऱ्यांनी मिळून पालखी उचलली.

घरी जाऊन बाईनं मोठी करवंटी चुलीत घातली. दुसऱ्या दिवसापासून ती माडवाल्याच्या घरचं पाणी भरू लागली. बहिणीचं लग्न होईपर्यंत भरलं, बाप जाईपर्यंत भरलं, पुढेही भरलं. माडवाला तिला काकीच म्हणत राहिला. तिला ते शिवीपेक्षा जास्त लागे.

तात्पर्य: वाईट कामाला तोंडानं नको म्हणून भागत नाही, हातही मागे घ्यावा लागतो, नाहीतर सगळं ओळखून, तीनदा ओरडून सांगूनही गाऱ्हाण्यात शेवटी आपलंच नाव येतं, जसं त्या दिवशी आलं: सगुणा.