दणकट गड्याचे मत

एकदा एका तालुक्याच्या गावी कबड्डीचा एक वृद्ध मार्गदर्शक राहत असे. सारे त्याला मास्तर म्हणत. त्याच्या संघात दऱ्याप्पा नावाचा एक धिप्पाड गडी होता. त्याच्या पकडीतून सुटलेला चढाईपटू विरळाच. त्याच संघात महाविद्यालयात शिकणारा निशिकांतही होता. तो प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाची टिपणे वहीत लिहून ठेवी. दऱ्याप्पा त्याला 'प्रोफेसर' म्हणून चिडवायचा. डोके चालवणे हे अंगात जोर नसलेल्यांचे काम, असे तो चारचौघांत सांगे.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्याचा दिवस उजाडला. विरुद्ध संघातला एक उंच चढाईपटू त्या वर्षी कुणालाच आवरला नव्हता. अशा वेळी मास्तरांनी दऱ्याप्पालाच बाहेर बसवले आणि त्याच्या जागी, डाव्या कोपऱ्यात, निशिकांतला उभे केले. प्रेक्षक चक्रावले. दऱ्याप्पाला तर अपमान गिळवेना. मास्तरांनी त्याला एवढेच सांगितले, की बोलू नकोस, त्या उंच गड्याकडे बघत राहा.

मध्यंतरापर्यंत संघ आठ गुणांनी मागे पडला. निशिकांतने त्या गड्यावर चार वेळा झेप घेतली आणि चारही वेळा फरफटत गेला. त्याची कोपरे सोलून निघाली, पण त्याने जागा सोडली नाही. दऱ्याप्पा ते टक लावून पाहत होता.

मास्तरांनी विचारले, "काय दिसलं?"

दऱ्याप्पाने मान खाली घातली. "मला काय कळतंय मास्तर? आठवीत शाळा सोडलेला माणूस मी. प्रोफेसरला विचारा."

"बरं, ते राहू दे. तू आत असतास तर त्याला कसा धरला असतास?"

"सोपं आहे," दऱ्याप्पा लगेच म्हणाला. "हात मारायच्या आधी त्याचा 'कबड्डी'चा आवाज बारीक होतो. तेव्हा सगळा भार उजव्या पायावर असतो, डावी टाच उचललेली असते. त्याच क्षणी डावा घोटा धरायचा. नंतर धरला तर तो ओढून नेणारच."

निशिकांत चकित झाला. पाच सामने बघूनही हे आपल्याला सापडले नव्हते, अशी त्याने मोकळेपणी कबुली दिली.

उत्तरार्धात मास्तरांनी दोघांनाही मैदानात उतरवले. तो उंच गडी पाच वेळा पकडला गेला. त्यातल्या दोन पकडी निशिकांतच्या होत्या. संघ दोन गुणांनी जिंकला.

जल्लोष ओसरल्यावर मास्तरांनी दऱ्याप्पाला जवळ बसवले. म्हणाले, "विचार करणारे वेगळे आणि झुंजणारे वेगळे, ही वाटणी लोकांनी केली आणि तू ती खरी मानलीस. आज निशिकांतचं धैर्य तू पाहिलंस. तुझी बुद्धी मात्र तुला दिसावी म्हणून मला तुला बाहेर बसवावं लागलं. तू प्रत्येक पकडीत विचारच करत आलास. त्याला बुद्धी म्हणतात, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं."

दऱ्याप्पा हलकेच म्हणाला, "गणिताच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर मला दगड म्हटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलोच नाही."

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जवळच निशिकांत कोपराला पट्टी बांधत होता. दऱ्याप्पाने पुढे होऊन ती गाठ नीट मारून दिली आणि विचारले, "आता पुढच्या संघाचा खेळ बघायला कधी जायचं?"