ठिणग्यांचा पाऊस आणि राणीची मोटार

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की राजेलोक हत्तीवरून उतरून नुकतेच कुठे मोटारीत बसायला लागले होते. आता कुणी विचारील, एवढ्या जुन्या काळी मोटार कुठून आली? आली कुठून तरी. मध्ये बोलू नका, नाहीतर गोष्ट राहील बाजूला.

तर डोंगरातल्या एका राज्यात राजाची एकच मोटार होती, आणि तिचा धूर मागे नेणारा पाइप गंजून गंजून त्याची चाळण झाली होती. धूर मागे जायचा सोडून बैठकीखालच्या फटींतून आत यायचा. त्यात राणीला नववा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि माहेर तीन घाटांपलीकडे. वैद्यांनी स्पष्ट सांगितलं, "महाराज, हा धूर पोटातल्या बाळाला विष आहे. आधी पाइप नवा करा, मगच राणीसाहेबांना गाडीत बसवा."

राजाने न गंजणाऱ्या स्टीलच्या नळ्या मागवल्या. पातळ, चकचकीत. आता त्या कुणी आणि कशा जोडायच्या, एवढंच काय ते ठरवायचं होतं.

गावात तुळसाक्का नावाची म्हातारी वेल्डिंग करायची. चाळीस वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. दरबारात येऊन तिने नळी हातात घेतली, नखाने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाली, "पत्रा पातळ आहे, महाराज. बारीक ज्योतीने हळूहळू जोडावा लागेल. आणि जोडताना नळीची तोंडं बंद करून आतसुद्धा हवा हटवणारा गॅस भरावा लागेल."

"आत कशाला?" प्रधानाने विचारलं.

"तापलेल्या स्टीलला हवा लागली की ते करपतं. बाहेरची बाजू आपण सांभाळतो, पण आतली तशीच उघडी राहते. मग करपलेल्या पाकासारखी ती खरखरीत होते, ठिसूळ होते. घाटात हादरे बसले की नेमका जोडापाशीच तडा जातो."

"किती दिवस लागतील?"

"चार."

"चार दिवस! आणि तेही कुणाला न दिसणाऱ्या बाजूसाठी?" प्रधान हसला. प्रधान हसला म्हणून दरबार हसला.

तेवढ्यात परगावचा एक मिशाळ कारागीर पुढे झाला. म्हणाला, "मी जेवणाच्या वेळेआधी सगळं करून देतो." झालं! राजाने ठरवलं, उद्या दोघांनी अंगणात एकेक जोड करून दाखवावा. ज्याची पद्धत पसंत पडेल, त्याच्या पद्धतीने पाइप होईल.

दुसऱ्या दिवशी सगळा दरबार अंगणात जमला. कारागिराने यंत्र सुरू केलं आणि काय सांगू, ठिणग्यांचा नुसता पाऊस! तड तड तड! बायका किंचाळल्या, पोरं नाचली, राजाने मांडीवर थाप मारली. "वा! याला म्हणतात काम!"

मग तुळसाक्का बसली. तिच्या हातात निळा, इवलासा उजेड. ना आवाज, ना ठिणगी. राजाने जांभई दिली. प्रधान म्हणाला, "बाई, सुरू तरी करा आता."

तिचा जोड तेव्हा अर्धा झाला होता.

तुळसाक्काने डोळ्यांवरची काच वर केली. "महाराज, ठिणगी म्हणजे जोडातून उडून गेलेला माल. जेवढा उडाला तेवढा जोडात नाही! आणि एवढी शंका असेल, तर दोन्ही जोड उभे कापा अन् आतून बघा. घटकाभराचं तर काम."

"नवी कोरी वस्तू कापायची?" प्रधानाने कानांवर हात ठेवले. "तेही राणीसाहेब निघायच्या तोंडावर? अपशकुन!"

"अपशकुन!" दरबार म्हणाला.

तुळसाक्काने कपाळावर हात मारला. गावात साधं मडकं घेतानासुद्धा बाई ते वाजवून घेते, आणि इथे राणीचा जीव ज्याच्यावर अवलंबून, त्याच्या आत डोकावायला कुणी तयार नाही! तिने परत सांगितलं, ओरडून सांगितलं, हात जोडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. पाइप ठिणग्यांच्या पद्धतीने झाला, जेवणाआधी झाला, आणि कारागिराला शालजोडी मिळाली.

तुळसाक्का तडक राणीकडे गेली.

"आक्का, माझ्या हातात काय आहे?" राणी म्हणाली. "सगळे म्हणतात, पाइप फार सुरेख झालाय."

"सुरेख! मग मी तुमच्याबरोबर येणार. तुमच्या शेजारी बसणार."

कटकट मिटावी म्हणून राजाने हो म्हटलं.

गाडी निघाली. राजा चालकाशेजारी बसला होता, प्रधान घोड्यावरून मागे येत होता. पहिला घाट सुखरूप गेला. तुळसाक्काला वाटलं, आपणच उगाच आकांडतांडव केलं की काय. दुसऱ्या घाटात खालून टक्‌ असा आवाज आला. कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या घाटात राणीचं डोकं अलगद तुळसाक्काच्या खांद्यावर कललं.

"झोपू दे तिला," राजा पुढून म्हणाला. त्याचेही डोळे मिटत होते.

"नवव्या महिन्यात, असल्या खड्ड्यांत झोप लागते होय? अरे, थांबव गाडी! थांबव म्हणते ना!" तुळसाक्काने चालकाच्या पाठीत धपाटा घातला.

राणीला तिने वाऱ्यावर नेऊन निजवलं, पाणी मारलं. बऱ्याच वेळाने राणीने डोळे उघडले. पोटावर हात ठेवला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आक्का, बाळ हलत नाहीये."

तुळसाक्का राणीचा हात घट्ट धरून बसली. तिला राग आला होता, भयंकर राग, पण आता ओरडून काय उपयोग? नुसती वाट बघायची.

किती वेळ गेला, देव जाणे. मग राणीच्या तोंडून हुंदका फुटला. "हललं! आक्का, लाथ मारली!"

राजा लहान पोरासारखा रडला. तुळसाक्का मात्र उठली, पदराने डोळे पुसले आणि चालकाला म्हणाली, "काढ तो पाइप."

पाइप बाहेरून आरशासारखा होता. फक्त जोडाच्या कडेने केसाएवढी चीर गोल गेली होती. तुळसाक्काने दोन्ही टोकं धरून वाकवताच तो मोडला. आतून काळा ठिक्कर, खरखरीत. तिने नखाने खरवडलं आणि तो काळा चुरा राजाच्या तळहातावर ठेवला.

"पण बाहेरून तर..." प्रधान पुटपुटला.

"बाहेरून!" तुळसाक्का कडाडली. "राणीसाहेब पाइपाच्या बाहेरच्या चकाकीवर श्वास घेणार होत्या काय?"

तिथून राणीला डोलीतून माहेरी नेलं. तिथे तिला मुलगी झाली, ठणठणीत. त्या कारागिराला शोधायला माणसं धाडली, पण तो शाल पांघरून कधीच पुढच्या राज्यात पोचला होता. असले लोक नेहमी पुढच्याच राज्यात असतात.

लेकीला घरी आणायची वेळ झाली तेव्हा तुळसाक्काने नवा पाइप जोडायला घेतला. चार दिवस लागले. राजा चारही दिवस शेजारी घोंगडीवर बसून होता. पहिला जोड त्याने स्वतःच्या हाताने कापला आणि आत बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत होता. तिसऱ्या दिवशी एक दरबारी येऊन म्हणाला, "महाराज, एकही ठिणगी नाही. काम सुरू झालं का?"

"झालं," राजा म्हणाला. "तू आवाज करू नकोस."

म्हणून सांगतो, लहानांनो आणि थोरांनो: काम पसंत करण्याआधी ठिणग्या मोजू नका, जोड आतून बघा.